मैत्री ही प्रेमाची उमेदवारी नव्हे

हॅरी पॉटरच्या सात खंडांविषयी साहित्याच्या विद्यार्थ्यांशी बोलू लागले की एक प्रश्न हटकून पुढे येतो : हर्माइनीचे लग्न रॉनशी न होता हॅरीशी व्हायला हवे होते, असे तुम्हांला वाटत नाही का? जे. के. रोलिंग यांच्या या मालिकेचा पहिला खंड १९९७ साली आणि शेवटचा २००७ साली प्रसिद्ध झाला. मालिका संपून इतकी वर्षे लोटली तरी हा प्रश्न शिळा होत नाही. विद्यार्थी तो विचारतात याचे आम्हांला आश्चर्य वाटत नाही. त्या वयाला तो शोभतो. पण साहित्य शिकवणारी, समीक्षेची परिभाषा सराईतपणे हाताळणारी मंडळीही हाच प्रश्न ‘पात्रसंबंधांची चिकित्सा’ अशा भारदस्त नावाखाली मांडतात आणि दोन तट पाडून त्यावर हिरिरीने वाद घालतात, तेव्हा मात्र त्यांना विरोध करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

आमचे म्हणणे सरळ आहे. हॅरी आणि हर्माइनी यांचे नाते ही मैत्री आहे. पूर्ण वाढलेली, स्वतःच्या पायांवर उभी असलेली मैत्री. तिला अपुरे राहिलेले प्रेम समजणारा वाचक या पुस्तकांतली सर्वांत मोलाची गोष्ट गमावतो. शिवाय हा वाचक नेमका कसा चुकतो, हे खुद्द कादंबरीनेच चार वेळा दाखवून ठेवले आहे. ते पाहण्याची तसदी मात्र जोड्या जुळवणारे घेत नाहीत.

प्रतिपक्षाच्या बाजूचा सगळा पुरावा आधी मांडू, म्हणजे आम्ही काही लपवले असे कोणी म्हणायला नको. तिसऱ्या खंडात रॉन पाय मोडून पडलेला असताना काळ मागे फिरवून सिरियसला सोडवायला जातात ती हॅरी आणि हर्माइनी ही दोघेच. चौथ्या खंडात हॅरीचे नाव स्पर्धेच्या चषकातून बाहेर येते, रॉन मत्सराने त्याच्याशी बोलणे टाकतो, आणि हर्माइनी हॅरीवर विश्वास ठेवून त्याच्याकडून मंत्राचा सराव करून घेते. सातव्या खंडात रॉन चिडून तंबू सोडून निघून जातो, हर्माइनी रडते, पण राहते. नाताळच्या आदल्या रात्री गॉड्रिक्स हॉलोच्या दफनभूमीत हॅरी आपल्या आईवडिलांच्या थडग्यापुढे रिकाम्या हातांनी उभा असतो. तेव्हा हर्माइनी काही न बोलता जादूच्या कांडीने फुलांचे चक्र निर्माण करते, आणि परतताना दोघे एकमेकांना हाताने सावरून चालतात. हे सगळे खरे आहे, आणि ते सुंदरही आहे.

यावरून प्रतिपक्ष जो निष्कर्ष काढतो तो असा : इतका विश्वास, इतका त्याग, इतकी न बोलता उमजणारी समज ज्या दोघांत आहे, त्यांच्यात प्रेम असलेच पाहिजे, नसेल तर लेखिकेची चूक झाली असली पाहिजे. या अनुमानाच्या पोटात एक गृहीत दडले आहे. मैत्री ही भावनेची खालची पायरी, प्रेम ही वरची. मैत्री फार चांगली झाली की तिला बढती मिळते. पण हे गृहीत सिद्ध कोणी केले? नोकरीत उमेदवारी संपली की माणूस कायम होतो, तशी मैत्रीची उमेदवारी संपून तिचे प्रेमात कायम होणे हा जणू निसर्गनियमच आहे, अशा थाटात ही मंडळी बोलतात. समीक्षेचे असे वधूवर सूचक मंडळ झाले की कलाकृतीत प्रत्यक्ष काय लिहिले आहे हे पाहायला कोणाला सवड उरत नाही.

म्हणून आधी संहितेकडे जाऊ. या तिघांची मैत्री कशी जुळते? पहिल्या खंडात हर्माइनी ही सर्वांना नकोशी, पुस्तकी, चुका दाखवणारी मुलगी आहे. तिला मित्रच नाहीत, हे रॉनचे बोलणे तिच्या कानांवर पडते आणि ती मुलींच्या स्वच्छतागृहात जाऊन रडत बसते. तिथे एक राक्षस शिरतो. हॅरी आणि रॉन तिला वाचवायला धावतात. हॅरी त्याच्या मानेवर उडी घेतो, रॉन त्याच दिवशी तिने उच्चार दुरुस्त केलेला मंत्र म्हणून राक्षसाला त्याच्याच सोट्याने आडवा करतो. तरीही मैत्री जुळते ती त्या पराक्रमाने नव्हे. ती जुळते पुढच्या क्षणी, जेव्हा नियमांची ही कट्टर पाईक मॅकगोनागलबाईंसमोर धडधडीत खोटे बोलते आणि सगळा दोष स्वतःवर घेते. तिचे पाच गुण जातात, मुलांना पाच पाच मिळतात. दोन्ही बाजूंनी किंमत मोजली गेली, आणि तिथून पुढे ते मित्र झाले. मैत्री ‘जडली’ असे रोलिंग लिहीत नाहीत; ती कृतीतून घडलेली दाखवतात.

मग तिसरा खंड घ्या. हॅरीला निनावी भेट म्हणून एक अप्रतिम उडता झाडू येतो. हर्माइनीला संशय येतो की तो सिरियस ब्लॅकने पाठवला असावा आणि त्यावर घातक जादू असावी. ती सरळ मॅकगोनागलबाईंना सांगते, झाडू जप्त होतो, आणि दोन्ही मुले तिच्याशी बोलणे सोडतात. पुढे कळते की झाडू सिरियसनेच पाठवला होता. त्यात घातक मात्र काही नव्हते. म्हणजे ती निम्मी बरोबर होती आणि निम्मी चूक, आणि तिने जे केले ते मित्राचा रोष ओढवणार हे माहीत असून केले. एकटी पडलेली हर्माइनी हॅग्रिडच्या झोपडीत जाऊन रडते, आणि अखेर तो साधाभोळा माणूस या मुलांना सुनावतो की झाडू आणि उंदीर यांच्यापेक्षा मैत्रीण मोठी असते, हे तुम्हांला कळायला हवे होते. वर्षानुवर्षे समीक्षा लिहिणाऱ्यांना जे सुचत नाही ते या रानराखणदाराला सुचते. मित्राला आवडणार नाही असे सांगण्याचा हक्क आणि ते सांगूनही मित्र राहण्याची ताकद, हा या नात्याचा गाभा आहे. पाचव्या खंडात हर्माइनी हॅरीला तोंडावर सांगते की लोकांना वाचवायला धावण्याची तुला खोडच आहे आणि शत्रू तिचाच फायदा घेत असेल. हॅरी ऐकत नाही. तेव्हा ती त्याच्याबरोबर मंत्रालयात जाते आणि तिथे जबर जखमी होते. आधी नकार, मग सोबत. हा क्रम प्रेमिकांचा नाही, मित्रांचा आहे.

आता ती चार चुकीची वाचने पाहू.

पहिले वाचन रिटा स्कीटरचे. चौथ्या खंडातली ही वार्ताहर हॅरी आणि हर्माइनी नेहमी बरोबर दिसतात एवढ्या भांडवलावर त्यांची प्रेमकथा छापते. पुढे तीच बाई एका स्त्रियांच्या साप्ताहिकात लिहिते की हर्माइनी हॅरी आणि क्रम या दोन प्रसिद्ध मुलांच्या भावनांशी खेळते आहे. परिणाम काय होतो? हर्माइनीला शिव्यांची पत्रे येतात. एका पाकिटातल्या विषारी रसाने तिचे हात भाजतात. रॉनची प्रेमळ आईसुद्धा त्या मजकुरावर विश्वास ठेवते आणि ईस्टरला मुलांना मोठी अंडी पाठवताना हिला मुद्दाम इवलेसे पाठवते. कुचाळकी करणाऱ्या पत्रकाराचे वाचन आणि त्याची शिक्षा भोगणारी मुलगी, असा हा सरळ हिशेब आहे.

दुसरे वाचन व्हिक्टर क्रमचे. हर्माइनी हॅरीविषयी फार बोलते हे त्याच्या ध्यानात आले आहे, म्हणून तो हॅरीला बाजूला घेऊन विचारतो. हॅरी सांगतो की आम्ही मित्र आहोत. क्रमला ते पटते. चौघांत शहाणा हाच : त्याने विचारले, उत्तर ऐकले आणि मानले.

तिसरे वाचन चो चँगचे. पाचव्या खंडात व्हॅलेंटाइनच्या दिवशी चहाच्या दुकानात हॅरी तिला सहज सांगतो की नंतर हर्माइनीला भेटायचे आहे, आणि ती रडत निघून जाते. पुढे हर्माइनीच हॅरीला समजावते की ते सांगण्याची पद्धत चुकली. भेट टाळता येत नाही, जायचा कंटाळा आहे, असे काही म्हणायचे, आणि जमल्यास हर्माइनी दिसायला कुरूप आहे असेही घालायचे. स्वतःच्या कुरूपतेचा दाखला देऊन मित्राचे प्रेमप्रकरण सावरू पाहणारी ही मुलगी मनातून त्याच मुलावर झुरते आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी हा प्रसंग पुन्हा वाचावा. तिच्या आवाजात झुरणे नाही, थट्टा आहे.

चौथे वाचन सर्वांत महत्त्वाचे. सातव्या खंडात रॉन परत येतो आणि तलवार घेऊन त्या लॉकेटसमोर उभा राहतो, ज्यात व्होल्डेमॉर्टच्या आत्म्याचा एक तुकडा कोंडलेला आहे. लॉकेट उघडते. त्यातून हॅरी आणि हर्माइनीच्या छायाकृती बाहेर येतात, रॉनला हिणवतात आणि त्याच्या डोळ्यांदेखत एकमेकांना आलिंगन देऊन चुंबन घेतात. म्हणजे हॅरी-हर्माइनीची प्रेमकथा या सात खंडांत खरोखरच एकदा ‘घडते’. ती रचतो तो मात्र व्होल्डेमॉर्ट. सहाव्या खंडात डम्बलडोर हॅरीला सांगतात की टॉम रिडलला कधी मित्र नव्हता आणि तो हवा आहे असे त्याला कधी वाटलेही नाही. ज्याला मैत्री ही वस्तूच ठाऊक नाही, त्याला एक मुलगा आणि एक मुलगी महिनोन्‌महिने एका तंबूत राहिली याचा दुसरा अर्थ सुचणार तरी कसा? त्याचे वाचन रॉनच्या भीतीवर पोसलेले आहे. रॉन तलवार चालवतो तेव्हा लॉकेटबरोबर हे वाचनही फुटते. जोड्या जुळवणाऱ्या आमच्या मित्रांनी आपण कोणाच्या पंगतीला बसलो आहोत याचा एकदा विचार करावा.

दफनभूमीच्या प्रसंगातही असाच एक तपशील आहे, जो ते सोयीस्करपणे गाळतात. त्या रात्री हॅरी आणि हर्माइनी स्वतःच्या रूपात नसतात. वेषांतराचे औषध पिऊन ती दोघे एका मध्यमवयीन नवराबायकोचे रूप घेऊन गावात शिरलेली असतात. या मालिकेत ही दोघे जोडपे म्हणून वावरतात ते फक्त सोंग म्हणून.

येथे एक आक्षेप येईल : मग रॉन आणि हर्माइनी यांचे प्रेम तरी कुठे पटते? या आक्षेपात तथ्य आहे आणि ते आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. या मालिकेत मैत्री जितक्या कसाने लिहिली आहे तितक्या कसाने प्रेम लिहिलेले नाही. सहाव्या खंडात जिनीविषयी हॅरीच्या छातीत अचानक एक जनावर गुरगुरू लागते आणि आपण ते प्रेम म्हणून स्वीकारायचे असते. त्याच खंडात रॉन लॅव्हेंडरच्या गळ्यात गळा घालून फिरतो आणि हर्माइनी त्याच्यावर पक्ष्यांचा थवा सोडते. ही प्रकरणे मत्सरावर चालतात, आणि मत्सर हे प्रेम दाखवण्याचे सर्वांत स्वस्त साधन आहे. २०१६ साली लंडनच्या रंगभूमीवर आलेल्या ‘हॅरी पॉटर अँड द कर्स्ड चाइल्ड’ या नाटकाने तर ही उणीव उघडीच पाडली. त्यात काळ बदलतो, हर्माइनी त्या नृत्यसमारंभाला क्रमबरोबर न जाता रॉनबरोबर जाते. रॉनला मत्सर वाटण्याचे कारणच उरत नाही, आणि केवळ तेवढ्याने त्यांचे लग्न होत नाही. पुढे ती हर्माइनी विद्यार्थ्यांना टोचून बोलणारी, कडवट शिक्षिका होऊन बसते. तिची बुद्धी, तिची न्यायबुद्धी, तिचा विनोद हे सगळे एका लग्नावाचून नासून गेले, असे मानणारे हे नाटक तिच्या मूळ व्यक्तिरेखेवर अन्याय करते.

पण रॉन-हर्माइनीचे प्रेम कच्चे लिहिले आहे यावरून हॅरी-हर्माइनीचे प्रेम पक्के होते असे निघत नाही. शेजारच्याचे घर गळते म्हणून आपल्या विहिरीला कोणी घर म्हणत नाही. मैत्रीचे लेखन सरस उतरले याचे कारण ते मैत्रीचे आहे. त्यावर प्रेमाचे लेबल डकवले की त्याचा सरसपणा त्याच क्षणी संपतो, कारण तिथे आता हेतू शोधला जाऊ लागतो. हर्माइनी रात्री जागून मंत्र शिकवत होती ती काही मिळावे म्हणून, असे म्हणण्यासारखे ते होते. चौथ्या खंडातच हॅरीच्या मनातली तुलना लेखिकेने नोंदवून ठेवली आहे : हर्माइनी त्याला खूप आवडते, पण जिवलग मित्राच्या जागी ती असली की हसणे कमी होते आणि ग्रंथालयातले तास वाढतात. प्रेमात पडलेला मुलगा असा हिशेब मांडत नाही. आणि तळ्यातल्या स्पर्धेत, ज्याची उणीव तुम्हांला सर्वांत जास्त भासेल ते पाण्याखाली ठेवले आहे असे सांगितले जाते, तेव्हा क्रमसाठी हर्माइनी असते, सेड्रिकसाठी चो, फ्लरसाठी तिची धाकटी बहीण, आणि हॅरीसाठी रॉन. प्रेयसी, बहीण आणि मित्र ही तिन्ही नाती त्या तळ्याच्या तळाशी एकाच दोरीने बांधलेली, एकाच मोलाची आहेत. तिथे बढतीची शिडी नाही.

याच गृहीताचा दुसरा बळी स्नेप आहे, आणि त्याच्या बाबतीत वाचकांची भाबडी भक्ती आम्हांला अधिकच खटकते. स्नेपचे लिलीवरचे आजन्म प्रेम हे या मालिकेतले सर्वोच्च प्रेम मानले जाते. त्याचे ते एका शब्दाचे उत्तर लोक सदऱ्यांवर छापून मिरवतात. पण लिली त्याची कोण होती? ती त्याची बालमैत्रीण होती. जादूच्या जगाची पहिली ओळख तिला त्याने करून दिली. पाचव्या इयत्तेत तिच्या कुळावरून घाणेरडी शिवी देऊन त्याने जे मोडले ते प्रेम नव्हतेच, मैत्री होती. लिली त्याचा हिशेब मांडते तोही मैत्रिणीचाच : तुझे सोबती कोण आहेत हे ठाऊक असून मी इतकी वर्षे तुझी बाजू घेतली, आता घेणार नाही. स्नेपची शोकांतिका अशी की हातात असलेली मैत्री त्याला कधी पुरेशी वाटलीच नाही. पुढे तो व्होल्डेमॉर्टकडे लिलीचा जीव मागतो. तिच्या नवऱ्याचे आणि मुलाचे काय होईल याची त्याला फिकीर नसते, आणि डम्बलडोर त्याबद्दल आपली किळस लपवत नाहीत. मित्राला तिच्या सुखाची काळजी असती. नंतर त्याने जे प्रायश्चित्त घेतले त्याचे मोल आम्ही कमी करत नाही. पण ज्या नात्याचा नाश या माणसाने स्वतः केला त्या नात्याचे नाव तरी वाचकाने नीट घ्यावे.

येथवर आम्ही संहितेची बाजू घेतली. लेखिकेची बाजू आम्हांला पूर्णपणे घेता येणार नाही, कारण आपणच उभ्या केलेल्या मैत्रीवरचा विश्वास शेवटी तिनेच सोडला. लॉकेट फुटल्यावर हॅरी रॉनला सांगतो की हर्माइनी मला बहिणीसारखी आहे. त्या क्षणी खचलेल्या मित्राला धीर देण्यासाठी हे बोलणे स्वाभाविक आहे, पण कादंबरी त्यावरच थांबते. हा खुलासा ऐकून मराठी वाचकाला राखीपौर्णिमेची आठवण झाली नाही तरच नवल. मुलगा आणि मुलगी बोलताना दिसली की आपल्याकडे दोनच चौकटी पुढे केल्या जातात : एक बोहल्याची, दुसरी ‘मानलेल्या बहिणी’ची. हॅरीचा खुलासा त्याच दुसऱ्या चौकटीत बसतो. आणि मग येते ते एकोणीस वर्षांनंतरचे अखेरचे प्रकरण. त्यात रॉन हॅरीचा मेहुणा झालेला आहे, हर्माइनी मेहुण्याची बायको, मुले एकमेकांची आतेमामेभावंडे. नात्यांचा तक्ता पूर्ण भरला. नुसता मित्र म्हणून त्या फलाटावर या तिघांपैकी कोणी उरलेच नाही. ज्या मालिकेने मैत्रीला रक्ताच्या नात्याहून मोठे केले, तिने शेवटी मैत्रीला सोयरिकीचा दाखला मिळवून दिला.

चित्रपटाने आणखी एक पाऊल टाकले. सातव्या खंडावरच्या २०१० सालच्या पहिल्या चित्रपटात, रॉन निघून गेल्यावर हॅरी आणि हर्माइनी तंबूत रेडिओवरच्या गाण्यावर नाचतात. हे दृश्य पुस्तकात नाही. पुस्तकात त्या जागी शांतता आहे : दोघेही रॉनचे नाव टाळतात, आणि ती रडत असताना हॅरी झोपेचे सोंग घेतो. ती शांतता दिग्दर्शकाला पडद्यावर पेलवली नाही. पुढे २०१४ साली एमा वॉटसन यांना दिलेल्या मुलाखतीत रोलिंग यांनीही म्हटले की रॉन-हर्माइनीची जोडी आपण एक प्रकारच्या इच्छापूर्तीसाठी लिहिली, आणि काही बाबतींत हॅरी आणि हर्माइनी अधिक जुळले असते. जोड्या जुळवणाऱ्यांनी या मुलाखतीचा विजयपताकेसारखा वापर केला. आम्हांला त्यात विजय दिसत नाही. लेखक आपल्या कृतीचा पहिला वाचक असतो. तो शेवटचा न्यायाधीश नसतो, हे आपण वर्गात शिकवतो, मग इथेच ते का विसरावे? ‘अधिक जुळणारी’ माणसे मित्र असू शकत नाहीत, असे कोठे लिहिले आहे?

काही विद्वान म्हणतील, या परक्या, मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकांवरून एवढा गदारोळ कशाला? उत्तर असे की हा गोंधळ परका नाही, आणि बालिशही नाही. महाभारताच्या वनपर्वात द्रौपदी कृष्णापुढे आपले दुःख मांडते तेव्हा ती एका दमात आपली तीन नाती मोजते : ती पांडवांची भार्या आहे, कृष्णाची सखी आहे आणि धृष्टद्युम्नाची भगिनी आहे. पत्नी, सखी, बहीण. तीन स्वतंत्र शब्द, तीन स्वतंत्र हक्क. व्यासांना जो भेद इतका स्पष्ट होता तो आपल्याला पेलला नाही. आपण कृष्णाचे बोट कापले, द्रौपदीला शेला फाडायला लावला आणि तिला त्याची बहीण करून टाकले. ‘श्यामची आई’ या १९५३ सालच्या चित्रपटातल्या गाण्याने ही लोककथा घरोघरी पोचवली. गाणे गोड आहे, आम्हांलाही ते आवडते. पण त्या गोडव्यात सखी हरवली, याची खंत कोणाला वाटली नाही.

आपल्या साहित्यशास्त्रातही हाच झगडा झालेला आहे. नवव्या शतकातल्या रुद्रटाने ‘काव्यालंकारा’त प्रेयान् नावाचा वेगळा रस मानला आणि स्नेह हा त्याचा स्थायीभाव सांगितला. म्हणजे मित्रस्नेहाला शृंगाराच्या दारात ताटकळत न ठेवता त्याने स्वतःचे घर दिले. अभिनवगुप्तांनी ते घर मोडले. त्यांच्या मते स्नेहाला स्वतंत्र अस्तित्व नाही. तरुणांचा मित्रांविषयीचा स्नेह रतीतच विसावतो. त्या थोर आचार्यांपुढे आम्ही नतमस्तक आहोत, पण या एका मुद्द्यावर रुद्रटाच्या बाजूने उभे राहण्याचे धाडस करतो. रती हा शब्द शास्त्रात कितीही व्यापक अर्थाने वापरलेला असो, मित्रस्नेहाची व्यवस्था त्याच्याच पोटात लावली की जोड्या जुळवणाऱ्यांना आयतीच परंपरा मिळते. रस किती, हा वाद विद्यापीठीय प्रश्नपत्रिकेत दहा गुणांचा असेल. मैत्रीला स्वतःचा रस आहे की नाही, हा मात्र जगण्यातला प्रश्न आहे.

सी. एस. ल्यूइस यांनी १९६० सालच्या ‘द फोर लव्हज’ या पुस्तकात मैत्रीविषयी एक मार्मिक निरीक्षण केले आहे. प्रेमिक एकमेकांकडे पाहत असतात. मित्र शेजारी उभे राहून तिसऱ्याच कशाकडे तरी पाहत असतात. पुढे ते असेही म्हणतात की जिथे पुरुष शिकतात आणि स्त्रिया शिकत नाहीत, पुरुष काम करतात आणि स्त्रिया करत नाहीत, तिथे त्यांच्यात मैत्री होणे कठीण, कारण मैत्री ज्याभोवती व्हावी असे समान काहीच त्यांच्यापाशी नसते. ही अट उलटी करून वाचा. हॉगवर्ट्‌समध्ये मुली मुलांबरोबर शिकतात, लढतात, हरतात, जिंकतात. हर्माइनीची मैत्री तिथे शक्य होते कारण तिच्याकडे काम आहे आणि त्या कामात ती दोघांहून सरस आहे. म्हणजे ही मैत्री स्त्रीशिक्षणाचे फळ आहे. ज्या महाराष्ट्रात सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, त्या महाराष्ट्रातल्या साहित्याच्या वर्गात मुलामुलीच्या मैत्रीला अजून ‘पुढे काय?’ असे विचारले जावे, ही आम्हांला लज्जास्पद गोष्ट वाटते.

आणि हा प्रश्न पुस्तकापुरता राहत नाही. ग्रंथालयात एकाच टेबलावर टिपणे काढणाऱ्या मुलाचे आणि मुलीचे नाव चार दिवसांत जोडले जाते. त्याची झळ मुलीला आधी लागते : तिच्या घरी निरोप जातो, तिचे ग्रंथालय बंद होते, कधी कॉलेजही सुटते. रिटा स्कीटर प्रत्येक आवारात असते. कधी ती विद्यार्थी असते, कधी शिपाई, आणि सांगायला वाईट वाटते, कधी ती आमच्यासारख्या शिक्षकांच्या खोलीत चहा पीत बसलेली असते. वर्गात ज्या डोळ्यांनी आपण हर्माइनी वाचतो, त्याच डोळ्यांनी वर्गाबाहेर त्या मुलीला वाचतो. म्हणून वाचनाची ही सवय मोडण्याची जागा वर्ग हीच आहे.

आमची सूचना साधी आहे. पात्रसंबंधांवर लघुशोधनिबंध लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला ‘या दोघांचे प्रेम होते का?’ हा विषय देऊ नये. त्याला विचारावे : या दोघांनी एकमेकांसाठी काय केले, कोणाला काय किंमत पडली, कोणी कोणाला कधी नाही म्हटले आणि नाही म्हटल्यावर कोण थांबले? या चार प्रश्नांची उत्तरे पानांचे दाखले देऊन लिहिली की नात्याचे नाव आपोआप ठरेल. मग ते मैत्री असो, प्रेम असो, वा आपल्या भाषेने अजून नाव न दिलेले आणखी काही असो. तोवर जोड्या जुळवण्याचा उद्योग ज्यांना करायचा असेल त्यांनी तो खुशाल करावा. फक्त त्याला समीक्षा म्हणू नये.